मंडीदीपची दुपार

विनिता वैरागडे डीजे आहे असं भोपाळच्या तुलसी नगरात कुणी सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी वरात उभी राहायची. गाडीवर रचलेले स्पीकरचे काळे डबे, लाल-निळे दिवे आणि पुढे घामाघूम होऊन नाचणारे मुलाकडचे लोक. मग प्रश्न यायचा, "मुलगी? गाडीवर चढते?" त्यावर विनिताची आई, कुसुमताई, घाईघाईनं सांगायची, "छे हो, नोकरी करते ती. मंडीदीपला, कारखान्यात. हे आपलं छंद म्हणून."

छंद हा शब्द विनिताला शिवीसारखा लागायचा.

वैरागडे मूळचे नागपूरचे. सरकारी कचेऱ्या भोपाळला हलल्या तेव्हा आजोबा फायलींच्या गाडीबरोबर आले आणि इथलेच झाले. वडील विश्वनाथराव मंत्रालयात अनुभाग अधिकारी. दाराबाहेर नावाची पाटी, अंगणात तुळस, घरात शुद्ध मराठी, आणि सगळ्यावर एकच पहारा: लोक काय म्हणतील. विनिता पुण्याला इंजिनिअरिंगला गेली ती ह्या पहाऱ्यातून सुटायला, आणि तिथं एका इमारतीच्या तळघरात तिनं पहिल्यांदा ते संगीत ऐकलं. त्यात गाणं नव्हतंच. शब्द नव्हते, मुखडा नव्हता. एक ठोका होता, पुन्हा पुन्हा तोच, आणि त्याच्याखाली काहीतरी इतकं सावकाश बदलत होतं की बदल कळायचा तो छातीला. तिच्या मैत्रिणी कंटाळून वर गेल्या. ती स्पीकरला पाठ टेकवून शेवटपर्यंत बसून राहिली.

शिक्षण संपवून भोपाळजवळच्या मंडीदीपच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ती घरी परत आली, तेव्हा तिच्या पिशवीत आवाज मिसळायचा एक जुना कंट्रोलर होता. जेवणाच्या सुट्टीत ती फोनवर प्रेस मशीनचे आवाज टिपायची आणि सुट्टीच्या दिवशी खोलीचं दार लावून ते कापायची, जोडायची, ठोक्यावर बसवायची.

पहिला दणका गणपतीत बसला. कॉलनीतल्या मंडळानं आवाजाची व्यवस्था तिच्याकडे सोपवली होती. आरती झाली, नाटकाला अवकाश होता, मुलं पेंगत होती. तिनं आपला एक तुकडा लावला. दोन मिनिटंही झाली नसतील, मंडळाचे अध्यक्ष सुरेशकाका खुर्च्यांमधून वाट काढत आले.

"बंद कर ते! गणपतीपुढे कारखाना लावलाय का?"

"काका, संपू द्या ना. पुढे बदलतं ते."

काकांनी वाकून वायरच उपटली. स्पीकरमधून असा कडाडा झाला की मागं एक तान्हं मूल किंचाळायला लागलं. सगळ्या माना विनिताकडे वळल्या, आणि नंतर विश्वनाथरावांकडे. ते खाली बघत उपरण्याची घडी घालत राहिले.

घरी आल्यावर ते जेवायला बसले आणि दोन घासांनंतर ताट सरकवलं. "तीन पिढ्या झाल्या आपल्याला इथं. कुणी बोट दाखवलं नव्हतं."

"बोट नाही दाखवलं, बाबा. वायर तोडली माझी. आणि तुम्ही बघत बसलात."

"मग काय करायला हवं होतं मी? तुझ्या त्या खडखडाटासाठी भांडायला हवं होतं?"

"हो," विनिता म्हणाली. त्यानंतर बापलेकीत त्या विषयावर बोलणं उरलं नाही. टोमणे तेवढे उरले.

सौरभ तिला भेटला तो एका मित्राच्या घरी. भोपाळच्याच शाहपुऱ्यातलं सुखवस्तू मराठी घर, वडील आर्किटेक्ट, ह्याला सगळं माहीत आणि सगळ्यांची ओळख. विनिताचे तुकडे त्यानं हेडफोन लावून डोळे मिटून ऐकले, आणि तिच्या आयुष्यात हे करणारा तो पहिलाच माणूस होता. म्हणून पुढं तिनं त्याला फार काही माफ केलं.

पार्ट्या दुपारी करायच्या ही कल्पना तिची. सूर्य मावळला की वसतिगृहातल्या मुलींना बाहेर पडता येत नाही, आणि अंधार पडल्यावर वाजणाऱ्या आवाजामागं पोलीस लगेच येतात. रविवारी दुपारी मात्र मुलगी लायब्ररीला जाते म्हणाली तर कुणी हटकत नाही. सौरभच्या मामांच्या ओळखीतून मंडीदीपला एक बंद पडलेलं गोदाम मिळालं. पत्र्याचं छत, एका भिंतीला रचलेले कुजके पुठ्ठे, बाथरूमचा पत्ता नाही. जागेचा पत्ता सकाळी फोनवर जायचा, तोही ओळखीच्यांनाच. नावही साधं ठेवलं होतं: 'दुपार'. पहिल्यांदा आलेल्यांत निम्मे लोक गरमीनं पळाले. उरले ते पुढच्या वेळी आणखी माणसं घेऊन आले. वर्ष उलटेतो गोदामात पाय ठेवायला जागा उरेना. पत्रा तापलेला, पंखे गरम हवा फेकताहेत, बाहेर ट्रक जाताहेत, आणि आत ती मंडळी कारखान्याच्याच आवाजावर नाचताहेत. त्यातले दोघं-तिघं तर आठवडाभर त्याच मशीनसमोर उभे राहणारे होते.

पण तिथंही तिला सुख नव्हतं. जाहिरातीत सौरभचं नाव ठसठशीत आणि तिचं खाली, बारीक. आणि दर वेळी कुणी ना कुणी शहाणा डेकला टेकून उभा राहायचा.

"मॅडम, ये आप खुद बजाती हैं, या पेनड्राइव्ह चालू है?"

एकदा असंच विचारणाऱ्याचा हात मिक्सरवर पडला. तो बटणं फिरवून बघायला लागला, तशी विनितानं सरळ आवाज शून्यावर आणला. गोदामभर शांतता पसरली. तिनं हेडफोन काढून त्याच्या हातात दिले. "बजाइए."

तो हसला. मग त्याला कळलं की ती हसत नाहीये, आणि मागं शंभर माणसं ओरडताहेत. हेडफोन तिथंच टाकून तो गर्दीत घुसला. त्या दिवसापासून विनिता 'घमेंडी' म्हणून प्रसिद्ध झाली. खरं तर ती होतीच तशी. ती कुणाशी गोड बोलायची नाही, पाया पडल्यासारखं हसायची नाही, फोटो काढायला उभी राहायची नाही. तेवढी कामं सौरभ करायचा.

मग पिंटू आला. मंडीदीपमधल्या वराती, जागरणं, मिरवणुका, सगळ्यांना त्याच्या डीजेच्या गाड्या लागायच्या. घरचे पांढुर्ण्याकडचे, महाराष्ट्राच्या सीमेवरचे, त्यामुळे बोलायचा ती मराठी आणि हिंदीची मिसळ. गळ्यात जाड साखळी, मागं चार पोरं.

"गाव आमचा, आणि आवाज बाहेरचा? असं नाही चालत," तो म्हणाला. "वाजवायचं तर आमचे डब्बे लावा."

सौरभ त्याच्या खांद्यावर हात टाकून गोडीगुलाबीनं काहीतरी समजावू लागला होता. विनितानं मध्येच तोंड घातलं. "तुमच्या डब्यांतून बेस येत नाही. खोकला येतो."

पोरं हसली, आणि तेच जास्त लागलं. पिंटूचा चेहरा काळाठिक्कर पडला. "बघून घेईन मॅडम," एवढंच बोलून तो गेला.

पुढं एका रविवारी सौरभचा फोन आला, ताप आहे, तू सांभाळून घे. त्या दुपारी पोलीस आले. कुणीतरी कळवलं होतं की इथं नशा चालते. पिशव्या उपसल्या, त्यांतून पाण्याच्या बाटल्या, डिओ आणि एकाचं खोकल्याचं औषध निघालं. आलेला अधिकारी स्वतःच वैतागला. "बंद करो और घर जाओ," म्हणून तो निघून गेला. प्रकरण तिथं संपलं असतं. पण गोदामाच्या दाराशी पिंटूची पोरं मोबाईल धरून उभी होती. मुली ओढण्यांनी तोंडं झाकत बाहेर पडत होत्या. विनितानं तोंड झाकलं नाही. ती कॅमेऱ्यासमोर थांबली, आणि पुण्याच्या वसतिगृहात शिकलेली एक सणसणीत शिवी तिनं त्यात घातली.

तो तुकडा रात्र पडायच्या आत सगळ्या भोपाळात फिरला. खाली ओळ होती: नशे की पार्टी में पकड़ी गईं लड़कियां. विश्वनाथरावांकडे तो मंडळाच्या ग्रुपवर पोचला, मग ऑफिसच्या ग्रुपवर.

विनिता घरी आली तेव्हा फोन टेबलावर पडला होता आणि वडील त्याच्यासमोर हात जोडल्यासारखे बसले होते.

"ही तू आहेस?"

"हो. आणि नशा वगैरे काही नव्हतं. पोलिसांना काही सापडलं नाही."

"मी ते विचारलं नाही. ही तू आहेस का, एवढंच विचारलं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "उद्या मला ऑफिसला जायचंय. माझ्या हाताखालची पोरं हे बघून बसली असतील. त्यांना काय सांगू? शिवी देणारी माझी मुलगी, आणि बाकी सगळं खोटं?"

"हो. तेच सांगा."

कुसुमताई दारात उभ्या होत्या. त्या नवऱ्याच्या बाजूनं बोलल्या नाहीत आणि मुलीच्याही नाहीत. "तोंड तरी झाकायचंस गं," एवढंच म्हणाल्या, आणि विनिताला वडिलांपेक्षा आईचा जास्त राग आला.

त्याच संध्याकाळी तिच्या फोनवर एक जाहिरात आली. 'दुपार' आता शाहपुऱ्यात, तलावाकाठच्या कॅफेच्या गच्चीवर, येत्या रविवारी. नाव सौरभचं. तिचं नाव बारीक अक्षरांतही नव्हतं. तापानं फणफणलेल्या माणसानं हे पोस्टर कधी बनवलं, गच्ची कधी ठरवली, हे कुणाला विचारायची गरजच पडली नाही.

रविवारी ती गेली. गच्चीवर कुंड्या, छत्र्या, बर्फ घातलेली सरबतं, आणि तिच्याच गोदामातली माणसं. सौरभ डेकमागे उभा होता. तिला बघून त्यानं हेडफोन गळ्यात घेतले आणि बाजूला आला.

"यार विनू, मीच फोन करणार होतो तुला."

"पोलिसांना केलास तो पुरे झाला."

त्यानं ते नाकारलं नाही. "कुणाला काही झालं का? नाही ना? ते गोदाम एक ना एक दिवस बंद पडणारच होतं. इथं बघ, सावली आहे, लाइट आहे, परवानगी आहे. तूही ये, वाजव. पण नीट राहावं लागेल. लोकांना शिव्या देऊन चालणार नाही."

"तू आत्ता कोण वाजवतंय ते बघ," विनिता म्हणाली.

तो तिच्याशी बोलत डेकपासून दहा पावलांवर उभा होता, आणि मागं एक ट्रॅक संपून दुसरा त्यात मिसळत होता, अगदी बेमालूम. सगळा सेट आधीच तयार करून आणलेला. ती डेकजवळ गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "हा काहीच वाजवत नाहीये! रेकॉर्डिंग आहे हे! बघा, हात लावत नाही कुणी, तरी चालू आहे!"

तिला वाटलं होतं, लोक थांबतील. एक-दोघांनी वळून बघितलं. कुणीतरी हसलं. नाच चालूच राहिला. मंडीदीपला दर रविवारी सगळ्यांत आधी येणारी एक मुलगी तिच्याजवळ आली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "दीदी, यहां कम से कम बाथरूम तो है."

कॅफेच्या माणसानं दंड धरून तिला जिन्यापर्यंत नेलं आणि शेवटच्या पायऱ्यांवर ढकललं. मनगट मुरगळलं. एका हातानं स्कूटर चालवत ती घरी आली. वाटेत ती रडली नाही. पोलीस आले, शिव्या पडल्या, वडील बोलले, ते तिनं अंगावर घेतलं होतं. पण त्या मुलीचं ते एक वाक्य कितीतरी दिवस काट्यासारखं आत राहिलं. कारण ती मुलगी खोटं बोलली नव्हती.

मनगटाची पट्टी अजून निघाली नव्हती तोवर एका दुपारी पाळी सुटताना कारखान्याच्या दारात पिंटू उभा दिसला. साखळी तीच, मागं पोरं मात्र नव्हती.

"पोलिसात मी नाही गेलो," तो म्हणाला. "सारे मलाच बोलताहेत. मी नाही गेलो."

"माहीत आहे मला. व्हिडिओ कुणी काढला?"

"वो आमच्या पोरानं काढला." तो इकडंतिकडं बघत राहिला. "मॅडम, त्याच्या आधी मी तीन-चार इतवार तुमच्या गोदामाच्या मागं येऊन उभा राहिलो होतो. भांडायलाच आलो होतो. पण आतून ते चालू व्हायचं. गाणं नाही, काही नाही, पण पत्रा अंगात वाजायचा. माझे डब्बे असे कधी वाजले नाहीत. काय आहे ते?"

"तुला सांगून काय उपयोग?"

"माझ्या गाड्या उभ्या आहेत. आवाजाची सख्ती झाली, वराती ढोलकवाले घेऊन गेले. चौमासा लागला, लगन नाही, मॅरेज गार्डन रिकामे पडलेत. माझ्याकडं डब्बे आहेत, जागा आहे. तुमच्याकडं काहीच नाही राहिलं."

हे शेवटचं त्यानं दुखवायला म्हटलं नव्हतं, पण लागायचं ते लागलं. विनिता म्हणाली, "आधी माझ्या बाबांकडे जा. सांग, व्हिडिओ तुझ्या पोरानं काढला आणि खाली लिहिलं ते खोटं होतं. मग बघू."

"माफी नाही मागणार मी."

"मग डब्यांवर धूळ बसू दे."

तो तडक निघून गेला. पंधरवड्यानं मात्र, तिला न सांगता, तो खरंच तुलसी नगरला जाऊन धडकला. विश्वनाथरावांनी दार उघडलं तर समोर साखळीवाला माणूस, आणि खाली रस्त्यावर 'पिंटू डीजे' असं नाव रंगवलेली भली मोठी गाडी. आजूबाजूच्या बाल्कन्या भरल्या. पिंटूनं जे सांगायचं ते सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, कारण त्याला हळू बोलताच येत नसे. विश्वनाथरावांनी ते पुरतं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

संध्याकाळी ते विनिताला म्हणाले, "आता असल्या लोकांचंही येणंजाणं सुरू झालं. ह्या घरात राहायचं तर ते सगळं बंद. नाहीतर तुझी सोय तू बघ."

"तो खरं सांगायला आला होता, बाबा."

"आख्ख्या कॉलनीला ऐकवून गेला. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं."

विनितानं दोन बॅगा भरल्या. मंडीदीपला खोली मिळायला त्रास झाला. एका घरमालकिणीनं नाव ऐकून नकार दिला, दुसरीनं तोंडावर व्हिडिओच दाखवला. शेवटी एका विधवा बाईनं वरची खोली दिली, तीही 'घरात आवाज नको' ह्या अटीवर.

पिंटूनं अट पाळली होती, म्हणून तिनंही त्याची जागा घेतली; पण लग्नं लावायच्या त्या मॅरेज गार्डनमधला पहिला रविवार म्हणजे युद्धच होतं. वरमाला घालायच्या स्टेजवर विनिताचा डेक, दोन्ही बाजूंना पिंटूचे डबे. तिनं ते उघडून, जागा बदलून, त्याच्याशी वीस वेळा भांडून बसवले होते. फोन दारावरच पिशवीत जमा करायचे हा तिचा नियम, आणि तो पाळून घ्यायला पिंटू स्वतः दाराशी. समोर दोन तट पडले. एकीकडे शहरातून आलेले थोडेसे जुने लोक, दुसरीकडे पिंटूच्या ओळखीची मंडीदीपची पोरं, ज्यांना वरातीचं गाणं हवं होतं.

"गाना लगाओ!" सुरू झालं. मग शिट्ट्या. मग पाण्याची एक बाटली येऊन डेकच्या कडेला आपटली आणि केबलवर पाणी उडालं.

पिंटू धावत आला. "एक गाणं लाव! एकच! नाहीतर मार होईल इथं!"

"तू दाराशी जा."

"अगं, हे लोक माझे आहेत!"

"मग सांभाळ त्यांना."

तिनं केबल पुसली. मग तिनं एकेक करून सगळे आवाज काढून टाकले आणि नुसता खालचा ठोका ठेवला. शिट्ट्या वाढल्या. तिनं ठोका सोडला नाही. कितीतरी वेळ तेवढंच चालू राहिलं, गार्डनमधल्या पातळ भिंती घुमत राहिल्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आपोआप सरकायला लागल्या. बरीच पोरं शिव्या घालत बाहेर गेली. काही दाराशी घुटमळली. शहरातल्यांपैकीही काही कंटाळून निघाले. उरलेल्यांमध्ये एक प्रेसवर काम करणारा माणूस होता. तो हात खिशात घालून, डोळे बारीक करून ऐकत होता. "ये अपनी वाली मशीन है," तो शेजारच्याला म्हणाला, आणि खांदे हलवायला लागला. विनितानं तेव्हा कुठं पुढचा आवाज सोडला.

संपलं तेव्हा नाचणारे मोजकेच होते, आणि पिंटू तिच्याशी बोलत नव्हता. डबे गाडीत चढवताना मात्र पोरांना ओरडला, "हळू! तिचा हिसाब बिघडला तर पुन्हा माझं डोकं खाईल."

त्यानंतरही हे असंच चाललंय. लग्नं नसलेल्या महिन्यांत रविवारी गार्डन भरतं, कधी अर्धं, कधी गच्च. दारावर हाणामाऱ्या झाल्या, दोनदा तक्रारी झाल्या, एकदा पिंटूनं गुपचूप मध्येच एक फिल्मी गाणं घुसवलं आणि विनितानं त्याच्याशी महिनाभर अबोला धरला. शाहपुऱ्यातली गच्ची सहा-आठ महिन्यांत बंद पडली. कॅफेवाल्यांना लाइव्ह गझल जास्त फायद्याची वाटली. ही बातमी कळली त्या दिवशी विनिता मनापासून खूश झाली आणि ती खुशी तिनं कुणापासून लपवली नाही. सौरभनं 'एकत्र काही करू या का' असा निरोप पाठवला. तिनं उत्तर दिलं नाही.

तुलसी नगरला ती महिन्यातून एकदा जाते. आई वाढते, ती जेवते, आणि विश्वनाथराव पुढच्या खोलीत टीव्हीचा आवाज मोठा करून बसतात. मागच्या वेळी तो इतका मोठा होता की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरत होतं आणि बातम्या देणाऱ्याचा आवाज फाटत होता. विनितानं बराच वेळ सहन केलं. मग ती दारात जाऊन उभी राहिली.

"बाबा, स्पीकर फाटेल. जरा कमी करा."

विश्वनाथराव टीव्हीकडेच बघत होते. तिनं घर सोडल्यापासून ते तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते.

"मला शिकवू नकोस," ते म्हणाले.

कुसुमताई हातात भाताचं भांडं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. रिमोट त्यांच्या नवऱ्याच्या हातातच होता. विनिता परत पानावर येऊन बसली. "थोडा भात वाढ," ती आईला म्हणाली.